जबडा सैल होईपर्यंत

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या अंगाला, डोंगरात आहे. दोन म्हशी, थोड्या शेळ्या, उतारावरची नाचणी आणि वरी, एवढ्यावर घर चालायचं. बाबा मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला. पावसाळ्यात वाडीची वाट वाहून जायची. मग आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणायला लागायचं, आणि डोली उचलायला माणसं नसायची, कारण उचलणारे सगळे खांदे मुंबईला. त्यामुळे आमच्याकडे आजार ओळखायची एक साधी रीत होती. जे डोलीत घालण्याइतकं मोठं नाही, तो आजार नाही.

दात खाणं तर आजारात मोडतच नव्हतं.

मी लहानपणापासून झोपेत दात खायची. घर एका खोलीचं, सगळे ओळीने झोपलेले. जात्यात खडा आल्यासारखा आवाज यायचा म्हणतात. मला स्वतःला तो कधी ऐकू आला नाही, सकाळी बोलणी तेवढी ऐकू यायची. आई म्हणायची जंत झाले असतील आणि वावडिंगाचा काढा पाजायची. एवढं वावडिंग माझ्या पोटात गेलं असेल की जंतांची दुसरी पिढीसुद्धा धजली नसती. दात खाणं चालूच. शेजारची काकू आईला उघड म्हणायची, "तुझी पोर दात खाते म्हणून तुझी म्हैस गाभ धरत नाय." आई भांडायची, पण काकू गेली की माझ्याकडे बघायचीच.

या सगळ्यात मी शिकले. आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. बाई असो की बाप्या, दोन्हींत पहिली. हे मी सगळीकडे सांगते आणि इथेही सांगणार. बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि महाडच्या एका हायस्कूलात शिक्षणसेवक म्हणून लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिक्षणसेवक म्हणजे पहिली तीन वर्षं नुसत्या मानधनावर काम करायचं, आणि मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर कायम व्हायचं. नाहीतर घरी.

वाडीवरून रोज महाडला येणं शक्य नव्हतं, म्हणून मी सवला आत्याकडे राहू लागले. सव म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव, महाडच्या जवळच. माझी आत्या तिथली. एकटी, तोंडाने फटकळ, आणि त्या कुंडांवर तिचा एवढा विश्वास की पायात काटा मोडला तरी आधी कुंडावर नेणार.

आता दुखण्याचं सांगते. इतरांना कामाला येईल म्हणून सविस्तर सांगते.

शिकवायला लागल्यावर पहिल्या वर्षीच सकाळी उठताना जबडा आखडलेला वाटू लागला. मग कानशिलं दुखायला लागली. मग कान. कान दुखतो म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, "कान स्वच्छ आहे," म्हणाले आणि तरीही कानात घालायचे थेंब दिले. थेंब संपले, दुखणं नाही संपलं. मग डोकेदुखी म्हणून डोळे तपासून झाले. चष्मा लागला. चष्मा लावून डोकं दुखू लागलं, एवढाच फरक.

मग दाढ. बाजारपेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी डावीकडची खालची दाढ हलवून बघितली. "ही खराब झाली आहे, काढून टाकू." काढली. दुखणं पुढच्या दाढेत आलं. ती पण काढली. मी विचारलं, "डॉक्टर, किडलेली होती का?" ते म्हणाले, "कीड नव्हती, पण तुम्हाला त्रास होता ना?" बाहेर बाकावर माणसं बसलेली, त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा. मी कापूस चावत एस.टी. स्टँडवर आले. दोन दाढा गेल्या आणि जबडा तसाच.

मला राग कशाचा यायचा सांगू? ज्याला त्याला सांगायला एकच गोष्ट होती. टेन्शन घेऊ नका. कानाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, एस.टी.तली बाई. जणू मी टेन्शन बाजारातून पिशवीत घालून आणत होते. तिसरं वर्ष चालू, अहवाल व्हायचा बाकी, आणि तोंड दुखतंय. या माणसाने टेन्शन घ्यायचं नाही तर काय घ्यायचं?

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एके दिवशी परिपाठाला, सगळी शाळा मैदानात उभी असताना, मला प्रतिज्ञा सांगायची होती. मी तोंड उघडायला गेले आणि ते एका बोटाच्या वर उघडेचना. कट्ट असा आवाज झाला आणि अडकलं. मी दातांच्या फटीतून प्रतिज्ञा सांगितली. मागची पोरं हसली. पुढे रोज तसंच. पहिल्या दोन तासिका कशाबशा निघायच्या, तिसरीला शब्द ओढत आणावे लागायचे, चौथीपासून मी फळ्यावर लिहून द्यायची आणि पोरं उतरवून घ्यायची.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. सर माणूस वाईट नव्हते, पण सरळ. "बाई, तक्रार आली आहे. तुम्ही शिकवत नाही, नुसतं लिहून देता."

"सर, जबडा दुखतो."

"ते मला दिसतंय. पण दिवाळीनंतर मला तुमचा पाठ बघायचाय आणि अहवाल पाठवायचाय. त्यात 'जबडा दुखतो' असा रकाना नाही."

म्हणजे माझी नोकरी जबड्यात अडकली होती. याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

त्याच सुमारास महाडात एक तरुण दंतवैद्य बाई नवीन आल्या होत्या. मी गेले ते तिसरी दाढ काढायची तयारी ठेवूनच. त्यांनी काही काढलं नाही. आरशात माझे दात मला दाखवले. "दाढेवर उंचवटे असतात, बघा. तुमच्या दाढा सपाट झाल्यात, घासून. आणि समोरचे दात बघा, कडा सरळ रेषेत कापल्यासारख्या." मग गालाच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवली. "आता दात घट्ट दाबा." मी दाबले. त्यांच्या बोटांखाली सुपारीएवढी गाठ टणकन वर आली.

"हा मॅसेटर स्नायू. चावण्याचा मुख्य स्नायू. तुम्ही झोपेत तासन्‌तास दात आवळता आणि घासता. त्याला ब्रक्सिझम म्हणतात. व्यायाम करून दंड भरतो तसा तुमचा हा स्नायू भरलाय. कान दुखतो, डोकं दुखतं, तोंड उघडत नाही, सगळं यामुळे."

मी विचारलं, "मग त्या दोन दाढा?"

त्यांनी आरसा बाजूला ठेवला. "त्यांचं आता काही करता येणार नाही. उरलेल्या वाचवू."

आजाराला नाव मिळालं की बरं वाटतं म्हणतात. मला संताप आला. आईपासून काकूपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी दात खाते. एकाही डॉक्टराने "तुम्ही झोपेत दात खाता का?" एवढं विचारलं नव्हतं. आणि मलाही कधी वाटलं नव्हतं की हे सांगण्यासारखं काही आहे. आमच्याकडे तो म्हशीचा विषय होता, डॉक्टरचा नव्हे.

बाईंनी नाईट गार्ड करून दिलं. झोपताना दातांवर बसवायचं प्लॅस्टिकचं कवच, म्हणजे दातावर दात घासत नाही. आत्याने ते पाण्याच्या वाटीत ठेवलेलं बघितलं. "अगो, या वयात कवळी? लग्नाला कोन उभा करील तुला?" मी समजावलं. तिने वाटीवर ताटली झाकून ठेवली, कुणी पाहुणा बघेल म्हणून.

ते गार्ड मी श्रावण लागायच्या आत चावून फोडलं. दुसरं जाड करून दिलं, त्याला भोक पाडलं. दंतवैद्य बाई गार्ड हातात घेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचा स्नायू फारच जोरात आहे. मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्या ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे मज्जातंतूंच्या डॉक्टर. त्या अशा स्नायूत एक इंजेक्शन देतात. बोट्युलिनम टॉक्सिन. लोक बोटॉक्स म्हणतात ते."

हे एक प्रकारचं विष आहे. खराब झालेल्या डबाबंद अन्नात एक जंतू वाढतो, त्याचं. पण देतात ते अगदी थोडं, मोजून, नेमक्या स्नायूत. मेंदूकडून 'आवळ' असा हुकूम मज्जातंतूतून येतो, तो स्नायूपर्यंत पोचूच देत नाही. स्नायू मरत नाही, सैल पडतो. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी उतरतो. हे मी नीट विचारून घेतलं होतं आणि शिक्षकखोलीत सांगितलं. तिथे कोणालाही स्नायू ऐकू आला नाही. सगळ्यांना फक्त बोटॉक्स ऐकू आलं.

"बाई, सिनेमात जाताय की काय?" चित्रकलेचे सर म्हणाले. "सुरकुत्या घालवायला नट्या घेतात ते ना?"

"हो," मी म्हटलं, "आणि पहिला सिनेमा तुमच्यावरच काढणार आहे."

हसले सगळे. मीही हसले असते, पण तोंड उघडत नव्हतं.

मुंबईची पहिली तारीख वाया गेली. मी वाडीवर आईकडे गेले होते आणि पोलादपूरहून, खेडहून येणाऱ्या मुंबईच्या गाडीने जायचं ठरलेलं. त्या दिवशी मधल्या कशेडी घाटात दरड आली. पलीकडून एकही गाडी येईना. महाडहून सुटणाऱ्या गाड्यांवर झुंबड. पोलादपूरच्या स्टँडवर दुपार झाली आणि मी परत फिरले. पुढची तारीख गणपतीनंतरची मिळाली. तोवर मी सूप, पेज आणि कालवलेला भात यांवर होते. गणपतीत आत्याने मोदक केले, ते मी कुस्करून खाल्ले. मोदक कुस्करून खाणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या तारखेला पोचले. बाबा अर्धी रजा टाकून हॉस्पिटलच्या दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मोठी रांग, केसपेपर, मग दुसऱ्या मजल्यावर रांग. बाकावर शेजारी एक माणूस मान एका बाजूला वळलेला बसला होता, एक बाई डोळे सारखे मिटत होती. सगळे त्याच इंजेक्शनला आलेले. माझंच दुखणं जगावेगळं आहे असं मला इतके दिवस वाटत होतं. तिथे पहिल्यांदा वाटलं की नाही.

डॉक्टर बाई वयस्क, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गालावर पेनाने खुणा केल्या. सुईला एक तार जोडलेली होती आणि तार एका यंत्राला. ईएमजी. स्नायूत जी बारीक वीज वाहते ती हे यंत्र आवाजात ऐकवतं. सुई आत गेली, त्या म्हणाल्या, "दाबा." यंत्रातून खरखराट असा आला की खोली भरली. "सोडा." मी सोडलं असं मला वाटलं. खरखर चालूच.

"बघा, तुम्हाला वाटतंय तुम्ही सोडलंय," डॉक्टर म्हणाल्या.

बाबा कोपऱ्यात उभे होते. ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाब, घरात हाच आवाज. लहानपणापासून हाच." आणि मग मान खाली घालून उभे राहिले. मला वाटतं त्यांना तेव्हा कळलं की पोरीला जंत नव्हते.

टोचणं फार दुखलं नाही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं, तीन-तीन ठिकाणी. नंतर डॉक्टरांनी बजावलं, "आजचा दिवस गालाला हात लावायचा नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, गरम पाण्याने तोंड धुवायचं नाही. औषध आत जिथे घातलंय तिथेच राहिलं पाहिजे."

मी म्हटलं, "कळलं." मला कळलंच होतं.

राहण्याची सोय नव्हती. बाबा राहायचे ती गावकीची खोली, गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेली. तिथे बायकांना वस्तीला ठेवत नाहीत, हा गावकीचा नियम. तेव्हा त्याच दिवशी दुपारची एस.टी. धरली आणि दिवेलागणीला सवला उतरले. प्रवासाने अंग आंबलेलं. गालावर सुयांचे लाल ठिपके.

आत्या दारातच होती. हॉस्पिटलातून आलेल्या माणसाने अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही, हा तिचा नियम. अंगणातल्या न्हाणीत तिने कुंडाचं पाणी आणून ठेवलं होतं, वाफा येत होत्या. मी म्हटलं, "आत्या, मी खांद्यावरून घेते. तोंडाला गरम पाणी चालणार नाही. आणि गालाला हात लावायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं बरं," आत्या म्हणाली. तिचं 'बरं बरं' कशाला लागू होतं हे मी ओळखायला हवं होतं. पाठीवर पाणी ओतता ओतता तिने माझा चेहरा आपल्याकडे वळवला, ठिपके बघितले, आणि मी काही म्हणायच्या आत खोबरेल लावलेले दोन्ही अंगठे गालांत रोवून गरगर चोळायला सुरुवात केली.

"आत्या!"

"गप गो. सुई टोचली की चोळायला पायजे. नायतर गाठ बसते. नर्सबाई सुद्धा सांगते, चोळा म्हणून. तुझ्या डॉक्टराला कुंडाचं पाणी म्हाईत नाय."

मी तिचे हात धरले तोवर वरून तांब्याभर कढत पाणी माझ्या तोंडावर आलं होतं. तिने मायेने ओतलं. आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून दंडावर सुई टोचून घेतली आणि ती जागा चोळली. टोचलं की चोळायचं, हे आमच्या हातांनाच माहीत आहे. डॉक्टरचं न चोळण्याचं सांगणं त्या हातांपर्यंत पोचायला आणखी एक पिढी लागेल.

पुढचे सात-आठ दिवस काही म्हणजे काहीच झालं नाही. जबडा तसाच. मी रोज सकाळी आरशात दात दाबून बघायची, गाठ वर यायची. मुख्याध्यापक कॉरिडॉरमध्ये विचारायचे, "फरक?" मी मान हलवायची. मनात म्हणायची, मुंबईच्या इंजेक्शनात तरी राम होता की नाही, की कुंडाच्या पाण्याबरोबर गेलं सगळं वाहून?

मग एके सकाळी उठले आणि जबडा दुखत नव्हता. मी बिछान्यातच बसून राहिले. तोंड उघडून बघितलं. दोन बोटं आत गेली, मग तिसरंही अर्धं. मी आत्याला हाक मारायला तोंड वळवलं आणि हसले.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. "अगो बाय... वारं गेलं तुझ्यावरून."

आरशात बघितलं. डावीकडचा ओठ वर जात होता, उजवीकडचा जागेवरच. हसले की तोंड तिरपं. गप्प राहिले की सरळ. आमच्याकडे याला वारं जाणं म्हणतात, म्हणजे लकवा. तासाभरात आळीला कळलं. कोणी म्हणालं लसणीचा रस, कोणी म्हणालं पोलादपूरच्या वर अंगारे-धुपारे करणारा एक भगत आहे. आत्याने तर चपला घातल्या होत्या.

मी एस.टी.डी. बूथवरून मुंबईला फोन लावला. डॉक्टर फोनवर यायला बराच वेळ गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणी चोळलं होतं का?"

"आत्याने. गरम पाणीही घातलं."

"हं. त्याने औषध शेजारच्या हसण्याच्या स्नायूत गेलं असेल. किंवा माझीच सुई जराशी पुढे लागली असेल. न चोळताही कधी कधी होतं असं. आता नक्की सांगता येणार नाही. हा लकवा नाही. दोनेक महिन्यांत उतरेल, काही करू नका. आणि कोणाला चोळू देऊ नका."

बूथच्या बाहेर आले तेव्हा मला कोणावर रागवायचं तेच कळेना. आत्यावर रागवावं तर डॉक्टर म्हणतात कदाचित सुई. सुईवर रागवावं तर आत्याचे अंगठे आठवतात. हा रागही धड पुरा करता आला नाही.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हंजे माझ्या हातानं वाकडं झालं म्हनतेस?"

"डॉक्टर म्हणतात नक्की सांगता येत नाही."

"मग नायच झालं," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. पण त्या दिवसापासून तिने माझ्यासाठी मऊ भात वेगळा करायला घेतला, आणि भगताचं नाव काढणाऱ्या बाईला अंगणातूनच हाकललं. "वारं नाय, सुई हाय ती. उतरनार हाय. तुझ्या पोराच्या बारावीसारखं नाय, की सुटता सुटत नाय."

दिवाळीची सुट्टी संपली आणि पाठाचा दिवस आला. तोंड अजून तिरपंच होतं. आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुढे ढकलायचं का? अहवालाला थोडा उशीर झाला तरी चालवून घेता येईल." ते चांगल्या मनाने म्हणत होते, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, हे मला वाकडी समजून बाजूला काढतायत.

"नको सर. उद्याच."

आठवीचा वर्ग. सर शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. पोरांची कुजबुज मला दारापासून ऐकू येत होती. आठवडाभर एक पोरगा मधल्या सुट्टीत माझी नक्कल करत होता, तेही माहीत होतं. मी खडू हातात घेतला आणि आधी वर्गाकडे तोंड केलं.

"हे बघा. माझं तोंड हसताना वाकडं होतं. औषधाने झालंय, उतरणार आहे. तुम्हाला हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. नंतर शिकवताना वेळ नाही."

आणि मी मुद्दाम हसले, पूर्ण, तिरपी.

वर्ग फुटला. पोरं बाकांवर पडून हसली. नक्कल करणारा पोरगा सगळ्यात मोठ्याने. मी उभी राहून वाट बघितली. हसून संपल्यावर मी पाठ सुरू केला. घंटा होईपर्यंत बोलत राहिले. मोठ्याने वाचलं, प्रश्न विचारले, उत्तर चुकलं तर पुन्हा समजावलं. शेवटी शेवटी मला स्वतःलाच लक्षात आलं की जबडा एकदाही अडला नाही. प आणि ब थोडे ढिले येत होते. येऊ देत.

सरांनी वही मिटली. ऑफिसात म्हणाले, "वर्ग फार हसत होता."

मी खडूचे हात पदराला पुसले.

"पण शेवटच्या बाकापर्यंत शब्द न्‌ शब्द ऐकू आला. जूनपासून पहिल्या बाकापर्यंतही येत नव्हता." एवढं बोलून त्यांनी शिपायाला चहा सांगितला. दोन कप.

नाताळच्या सुमारास हसणं सरळ झालं. एका दिवसात नाही, थोडं थोडं.

इथेच संपलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हे दुखणं तसं नाही. उन्हाळ्यात औषध उतरलं आणि दात खाणं परत आलं. मी रडले. एवढं सगळं करून पुन्हा तिथेच? पुन्हा रांग, पुन्हा खुणा, पुन्हा सुया. दुसऱ्या खेपेला मी परत आले तेव्हा आत्या अंगणात काठी घेऊन बसली होती. शेजारीण माझे गाल बघायला पुढे आली तर तिच्यावर ओरडली, "लांब! हात लावायचा नाय गो तोंडाला!" अंघोळीला गार पाणी ठेवलं होतं. हसणं त्या वेळी सरळच राहिलं. का, ते मला माहीत नाही. आत्याला माहीत आहे असं ती समजते.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर मॅसेटरची ती गाठ बरीच उतरली. पोटऱ्या उतरतात तशी, काम न मिळाल्याने. त्यानंतर केलेलं नाईट गार्ड टिकलं. डॉक्टर म्हणाल्या, "आता गार्डवर चालवू. गरज पडली तर या." गरज अजून पडलेली नाही. पडली तर जाईन.

हे ज्यांना होतं त्यांना थोडं सांगते. इंजेक्शन म्हणजे बरं होणं नव्हे. ते जबड्याला उसंत देतं, त्या उसंतीत बाकीचं आपण करायचं. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून हिंमत सोडू नका. काही दिवस भाकरी चावताना दम लागेल, घाबरू नका. हसणं वाकडं झालं तर ते उतरतं, पण आधी फोन करा आणि मग भगताकडे जायचं तर जा. घरच्या माणसांना डॉक्टरांचं सांगणं तुम्ही सांगू नका, शक्य असेल तर त्यांना डॉक्टरांसमोर उभं करा. आणि दाढ काढायला सांगितली तर आधी विचारा, का? झोपेत दात खात असाल तर ते न विचारता सांगा. लाज वाटली तरी सांगा.

मी बाबांचे, त्या दोन डॉक्टर बाईंचे आणि सरांचे आभार मानते. आत्याचे मानले तर ती म्हणेल कुंडाच्या पाण्यानेच बरी झालीस, म्हणून तिचे इथे लिहून मानते, ती वाचत नाही.

अहवाल गेला आणि पुढच्या जूनमध्ये मला कायम केल्याचा आदेश आला. त्यानंतर माझा एकही दात काढावा लागलेला नाही. आज मी रोज सगळ्या तासिका उभी राहून, तोंड पूर्ण उघडून, मोठ्या आवाजात शिकवते.